मनोऱ्यावरचा झेंडा मी कापायला लावला

नाव: चंद्रभागाबाई गंगाराम पोले. वय: कागदावर बावन्न, खरं पंचावन्नच्या पुढं. धंदा: मेंढ्या राखणे व थोडी कोरडवाहू शेती. राहणार: खंडोबाचा माळ, मौजे साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

कोणाच्या धाकानं नाही, कोणी पढवून पाठवलं म्हणून नाही, आपल्या पायानं ठाण्यात येऊन जमादार फुलसिंग राठोड यांच्यासमोर सांगते की, वरील ठिकाणी मी माझा मुलगा शिवहार आणि सून सीमा यांच्यासह राहते. मालक वारले. घरच्या मेंढ्या आहेत, चार शेरडं आहेत. मला लिहिता येत नाही, बोलता येतं. जमादारांनी आधी माझं बोलणं सरकारी भाषेत घातलं होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, ही कोणी दुसरीच बाई बोलून राहिली. म्हणून मी म्हटलं, साहेब, माझं माझ्या तोंडानं लिवा. त्यांनी कबूल केलं. मधूनमधून ते 'सदर' घालणार आहेत, त्याला माझी हरकत नाही.

माझ्याविरुद्ध अर्ज आला आहे. पुसेगावच्या बाजूच्या काही मंडळींनी तो दिला. त्यात लिहिलं आहे की, मी रेडिओवरून सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असं बोलून खंडोबाचा झेंडा कापायला लावला, माझ्या मुलानं तो कापला, आणि झेंडा त्यांच्या शिवारात बाभळीवर पडलेला सापडला. हे सगळं खरं आहे. मी कापायला लावला. त्यानं कापला. झेंडा बाभळीवर पडला असंल. पण काहून कापला ते अर्जात एका ओळीनं नाही. ते सांगायला मी आले.

आमच्या माळावर 'माळवाणी' नावाचं रेडिओ केंद्र आहे. एका संस्थेनं काढलं. आमच्या मेंढ्यांच्या वाडग्याला लागून पत्र्याची एक खोली आहे, तिच्यात बसून सीमा बोलते. हवामान सांगते, जनावरांच्या लसीचं सांगते, कळमनुरीच्या बाजारातले भाव सांगते, बायांना बोलावून जात्यावरची गाणी म्हणायला लावते. माझी सून दहावी आहे, आवाज गोड आहे. शिवहार गळ्यात छोटा रेडिओ अडकवून मेंढ्यांमागं फिरतो. घरात बायको काही सांगायला लागली की याचे कान बंद, आणि तीच रेडिओवर बोलली की हा मेंढ्या थांबवून ऐकणार. मी त्याला म्हणते, बाबा, तिला घरात बी माईक घेऊन दे. तो नुसता हसतो.

सदर केंद्राचा मनोरा खोलीच्या पाठीमागं उभा आहे. लोखंडी, तीन पायांचा, तुकड्याला तुकडा जोडून वर नेलेला. तो उभा केला हिंगोलीच्या अपूर्व नावाच्या पोरानं. यंत्राचं सगळं काम तोच बघतो. पोरगं चांगल्या घरचं आहे, बोलायला मऊ, पण कामात ऐकून घेणार नाही असं. बाकी ठिकाणी मनोऱ्याला तिन्ही बाजूंनी तारेचे ताण देतात, तसे याला नाहीत. हा मोकळा, आपल्या पायावर उभा आहे. अपूर्वनं तेव्हाच सांगितलं होतं की, असा मोकळा मनोरा आपल्या काळ्या रानात साठ फुटांपर्यंत चालतो, त्याच्या वर न्यायचा तर ताण द्यावेच लागतील. आणि हे साठ फूट सुद्धा नुसत्या मनोऱ्याचे, शेंड्यावर आवाज दूर पाठवायच्या बारीक नळ्या असतात त्या धरून. दुसरं काही वर बांधायचं नाही.

मनोरा उभा राहिला आणि गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या गावात खंडोबाच्या कळसाच्या वर कोणी काही चढवत नाही. जुनी रीत आहे. एकानं दोन मजली घर बांधायला घेतलं तर त्यानं आधी देवळाच्या पायरीवर बसून बघितलं की वरचा मजला कळसाला झाकतो का, आणि झाकत होता म्हणून गच्ची ठेवून दिली. आता मनोरा माळावर, देऊळ खाली गावाच्या तोंडाशी. खालून बघितलं की कळसाच्या मागं लोखंडी शेंडा वर आलेला दिसायचा. माझा दीर मसाजी हा खंडोबाचा पुजारी आहे. तो येऊन मला म्हणाला, "वैनी, देवाच्या डोस्क्याच्या वर लोखंड? असं कसं चालंल?"

मी म्हटलं, "भावजी, मला काय इचारता, मी काय चढवलं का ते?"

मग देवळासमोर बैठक बसली. अपूर्व बी आला. मसाजीनं त्याला सांगितलं, मनोरा कळसाच्या खाली घ्या. अपूर्व म्हणाला, "काका, खाली घेतला तर आवाज टेकडीच्या पलीकडं जाणार नाही. पुसेगावच्या बाजूला कोणालाच ऐकू येणार नाही." आता पुसेगावच्या बाजूला आमच्या गावच्या निम्म्या लेकी दिल्यात. बायांनी तिथंच कलकलाट केला की, आमच्या लेकींना ऐकू आलं पाहिजे. माणसं म्हणाली, कळसाचा मान राहिला पाहिजे. बराच वेळ हेच चाललं. शेवटी मसाजीनंच तोड काढली. तो म्हणाला, "मनोरा ऱ्हाऊ द्या. पण त्याच्या शेंड्यावर खंडोबाचा झेंडा लावा. म्हंजे सगळ्यात वर देवच झाला का न्हाई?"

लोकांना ते इतकं पटलं की कोणीतरी तिथंच येळकोट केला. मला बी पटलं. एकट्या अपूर्वला पटलं नाही. त्यानं आमच्या जोंधळ्याच्या रानाकडं हात केला आणि म्हणाला, "काका, वारं सुटलं की आधी कोणतं ताट पडतं?" मसाजी म्हणाला, "ज्याला कणीस मोठं ते." अपूर्व म्हणाला, "तसंच आहे हे. उंची फक्त फुटात धरू नका. वर वारा किती अडतो ते बी धरा. झेंडा लावायचाच असेल तर रुमालाएवढा लावा. मोठा लावायचा तर मला ताण देऊ द्या."

ताण कुठं येतील ते त्यानं चुन्यानं आखून दाखवलं. एक आला आमच्या वाडग्यात. एक आला रानात. तिसरा आला बराबर पालखीच्या वाटेवर. मसाजी म्हणाला, पालखीच्या वाटेत तार नको, भोई अडखळले तर देव खाली येईल. तेव्हा सगळ्यांच्या समोर ठरलं, ताण नको, रुमालाएवढा झेंडा लावायचा. अपूर्व बरं म्हणाला आणि नांदेडला गेला. त्याची बायको अनुश्री तिथं माहेरी होती, बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. त्याचं तिथं जाणं रास्तच होतं.

झेंडा रुमालाएवढाच राहिला असता तर आज मी इथं नसते. पण आमचं गाव म्हणजे काय सांगावं. मंजुळाबाईच्या शिवणयंत्रावर पिवळ्या कापडाचा रुमाल शिवायला घेतला, तर तिची शेजारीण म्हणाली, आमच्या घरचा बी एक तुकडा लावा, माझ्या पोराचा नवस आहे. तो लावला. मग तिची जाऊ रुसली. तिचा लावला. मग वरच्या आळीनं विचारलं, खालच्या आळीचेच तुकडे काहून? खंडोबा काय खालच्या आळीचा आहे का? मग वरच्या आळीचे आले. एकाला घ्यायचं आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं, हे मंजुळाबाईच्या हातून होईना. माझा बी तुकडा त्यात आहे, शिवहारच्या हळदीतल्या उपरण्याचा. चैत्री पुनवेची जत्रा येईपर्यंत तो झेंडा असा झाला की घडी घालायला चार बाया लागायच्या. तो नुसत्या मनोऱ्यावर मावेना, लोंबून नळ्यांवर यायला लागला, म्हणून शेंड्यावर आणखी एक लांब पाईप बसवला आणि त्याच्या टोकाला कप्पी लावून झेंडा चढवला. म्हणजे मनोऱ्याची उंची बी वाढली आणि वर कापड बी वाढलं. साठ फुटाचं बोलणं झालं होतं ते सगळे विसरून गेले.

सीमा म्हणाली होती, "आत्याबाई, अपूर्वसरांना एकदा इचारू." मी ते मसाजीला सांगितलं. मसाजी म्हणाला, "वैनी, कापडाला काय वजन असतंय? मी एकटा खांद्यावर घेऊन आलो." ते खरं होतं, त्यानं एकट्यानं आणला होता. आणि पोराच्या घरी बाळंतपण, त्याला कशाला त्रास द्यायचा, असंही झालं. जत्रेच्या दिवशी झेंडा वर गेला आणि फडकला, तेव्हा पुसेगावच्या रस्त्यावरून येणाऱ्या लोकांना आधी झेंडा दिसला आणि मग गाव दिसलं. खोटं काहून बोलू, माझी छाती भरून आली.

घटना घडली ती वैशाखात, चालू आठवड्यातच, दुपारच्या वक्ताला. आभाळात ढग नव्हते, नुसतं कोरडं वारं. आधी धूळ उठली, मग पत्रे वाजायला लागले. मी वाडग्यात शेरडाच्या पिलाला पाजत होते. सीमा खोलीत बाजारभाव सांगत होती. त्याच दिवशी कोणीतरी अपूर्वला झेंड्याचा फोटो फोनवर पाठवला होता. फोटो बघून त्यानं लगेच केंद्रात फोन केला की, झेंडा आत्ताच्या आत्ता खाली घ्या, दोरीनं घ्या, आणि मनोऱ्याजवळ कोणी थांबू नका. हे सीमानं मला नंतर सांगितलं. तिनं खिडकीतून शिवहारला हाक मारून ते सांगितलं.

शिवहारनं दोरी ओढली. दोरी येईना. झेंड्याला इतक्या शिवणी होत्या की त्याचा जाड काठ कप्पीत जाऊन बसला होता. आता शहाण्या माणसानं काय करायचं? बाजूला व्हायचं. पण आमचं पोरगं! त्यानं कमरेला पट्टा बांधला, आणि चढला. त्याला वाटलं असंल, मनोरा पडला तर खोलीवर पडंल आणि खोलीत बायको आहे. ते त्यानं मला सांगितलेलं नाही, मी आपलं समजून घेतलं. मी वाडग्यातून मान वर केली तेव्हा तो अर्ध्याच्या वर गेला होता. माझ्या हातातलं पिलू तसंच खाली पडलं.

मी मनोऱ्याच्या बुडाशी गेले. तिथं जे बघितलं ते सांगते, जमादारांनी हे नीट लिहावं. उन्हाळ्यानं आमचं काळं रान भेगाळलेलं असतं. मनोऱ्याचे पाय ज्या सिमेंटच्या ठोकळ्यात बसवले आहेत, तो ठोकळा झेंडा वाऱ्यानं ताठ झाला की एका अंगानं वर यायचा. खाली हात जाईल एवढी फट पडायची. वारं जरा ओसरलं की धप्पकन बसायचा. पुन्हा वर. आणि माझं लेकरू शेंड्याकडं चढत होतं.

मनोऱ्यावर माणूस चढला की रेडिओची मशीन बंद करायची, नाहीतर वर नळ्यांजवळ त्याला अपाय होतो, असा अपूर्वचा नियम आहे. तशी सीमानं मशीन बंद केली होती. शिवहार शेंड्याला पोचला आणि झेंड्याच्या गाठी सोडायला लागला. तेवढ्यात एक झोत असा आला की झेंडा उलटून त्याच्याच अंगाला गुंडाळला आणि दोरीचा पीळ त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकला. आता झेंडा सुटल्याशिवाय त्याला खाली येता येईना. गाठी सुटेनात. त्याच्या कमरेला लोकर कातरायची कातर होती, मेंढपाळाच्या कमरेला ती असतेच. पण तो कातर काढेना.

काहून काढेना ते मला माहीत होतं. देवाचा झेंडा आमच्यात कापत नाहीत. सोडतात, उतरवतात, जुना झाला तर नदीत सोडतात, पण त्याला हत्यार लावत नाहीत. आणि खाली मसाजी उभा होता. वारं सुटलं तसा तो देवळाकडून धावत आला होता आणि वर तोंड करून ओरडत होता, "सोड, शिवा, सोड! कापू नगं! गाठ सोड!" मसाजीला बी तेव्हा भ्याच वाटलं होतं, त्याचं तोंड पांढरं झालं होतं. पण त्याच्या तोंडातून जन्मभराची सवय बोलत होती.

मी बोंबलले, "काप! काप रे!" माझा आवाज माझ्याच तोंडात परत येत होता, इतकं वारं. शिवहारला ऐकू गेलं नाही. फोन त्याच्या खिशात होता, पण फोन घ्यायला हात लागतो, आणि त्याचे दोन्ही हात लोखंडाला. तेव्हा मला त्याच्या गळ्यातला रेडिओ दिसला. तो चालूच असतो. झोपला तरच बंद.

मी खोलीत घुसले. खोलीच्या दारावर लाल दिवा आहे, तो लागला की आत जायचं नाही असं सीमानं सगळ्या गावाला शिकवलंय. त्या वक्ताला दिवा होता का नव्हता मला माहीत नाही. सीमा खिडकीला चिकटून उभी होती. मी म्हटलं, "चालू कर ते."

ती म्हणाली, "आत्याबाई, वर माणूस असताना मशीन लावायची न्हाई."

"सीमे, तो माणूस तुझा नवरा है. लाव!"

अपूर्वचा फोन आला होता तो टेबलावर चालूच होता. त्यातून तो ओरडला, "लावा वहिनी, थोड्या वेळानं काही होत नाही. लावा आणि बोला!" सीमानं बटन दाबलं. मग तिनं माईक माझ्यापुढं केला. मी आयुष्यात कधी त्याच्यावर बोलले नव्हते. ती किती वेळा म्हणायची, आत्याबाई, एक गाणं म्हणा. मी म्हणायची, माझा घोगरा आवाज कोण ऐकणार?

जे मी बोलले ते अर्जात अर्धवट लिहिलं आहे. पुरं असं आहे. मी म्हटलं, "शिवा, मी माय बोलून राहिले. गाठी सोडू नको. कातर काढ अन् काप. पाप लागलं तर मला लागू दे. मी भोगते. तू काप, माझ्या लेकरा, अन् खाली ये."

सगळा मुलूख ऐकून राहिला, हे तेव्हा माझ्या ध्यानात सुद्धा आलं नाही. आलं असतं तरी मी तेच बोलले असते. अर्जदारांनी हे बी लिहून घ्यावं.

मी खिडकीतून बघितलं. शिवहारला ऐकू गेलं होतं, त्यानं मान वळवली होती. पण कातर काढेना. तो खाली बघत होता. माझ्या खिडकीकडं नाही, मसाजी उभा होता तिकडं बघत होता. पोरगं लहानपणापासून काकाच्या मांडीवर देवळात वाढलेलं. माय म्हणून राहिली काप, पण पुजाऱ्यानं म्हटल्याशिवाय त्याचा हात जाईना.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून कोणीतरी आत आलं. मसाजी होता. खोलीच्या दाराबाहेर एक रेडिओ लावलेला असतो, त्यावरून माझा आवाज त्याला ऐकू आला होता. मला वाटलं, हा आता मला ओढून बाहेर काढणार. मी टेबल घट्ट धरलं. त्यानं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि माईकवर वाकून इतक्या जोरात बोलला की सीमानं कानावर हात ठेवले. अर्जात लिहिलं आहे की, त्यानंतर एका अनोळखी इसमाचा आवाज आला. तो अनोळखी इसम म्हणजे मसाजी पोले, खंडोबाचा पुजारी. तो आत्ता ठाण्याच्या बाकावर बसला आहे आणि मघापासून तीनदा दारात येऊन सांगून गेला की, माझं नाव लिवा, वैनीचं एकटीचं लिहू नका.

तो म्हणाला, "शिवा, म्या मसाजी काका. गाठ मीच मारली व्हती. मीच सांगतो, काप. देव न्हाई रागवत रे बाळा, काप!"

शिवहारनं कातर काढली. आधी पट्ट्यातली दोरी कापली, मग झेंड्याचा काठ. झेंडा सुटला तो असा गेला की धुळीत क्षणात दिसेनासा झाला. त्याच क्षणी ठोकळा धप्पकन बसला, आणि मग पुन्हा उठला नाही. मनोरा थोडा कलला होता, तसाच कलून उभा राहिला. वारं तेवढंच होतं, पण आता ते वर कशाला धरत नव्हतं. सीमानं मशीन बंद केली. शिवहार सावकाश, एकेक पायरी चाचपत उतरला. शिवहारचे दोन्ही पाय जमिनीला लागले.

त्यानंतर मी त्याच्या मुस्काटात दिली. हेही खरं आहे, लिहावं. एवढा बाप्या, लग्न झालेला, मसाजीच्या आणि बायकोच्या समोर दिली. मग त्यालाच धरून खाली बसले. तो म्हणाला, "माय, रेडिओवर बोललीस की तू." मी म्हटलं, "गप बस, मेल्या." सीमा दारात उभी राहून हसत होती आणि रडत होती, तिला दोन्ही आवरेना. शेरडाचं पिलू मी पाडलं होतं ते आपलं आपण उठून आईला लुचायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी अपूर्व नांदेडहून आला. त्याला मुलगी झाली आहे, पेढे घेऊन आला होता. त्यानं आधी मनोऱ्याचा पाया बघितला, तोंडातल्या तोंडात काही म्हणाला, मग माणसं लावून तो जास्तीचा पाईप काढला, आणि वरचा एक तुकडाही उतरवला. मनोरा ओळंब्यानं सरळ केला. म्हणाला, पाया नव्यानं रुंद घालेपर्यंत याच्या वर एक फूट सुद्धा नाही. कोणाला ओरडला नाही. त्यानं ओरडायला पाहिजे होतं, आम्ही ऐकून घेतलं असतं. आता आवाज टेकडीपर्यंतच जातो. पुसेगावच्या लेकी फोन करून विचारतात, काहून ऐकू येईना? पाया झाला की पुन्हा उंची घ्यायची, पण ह्या वेळी ताण देऊन. तिसरा ताण पालखीच्या वाटेवरच येतो. मसाजीनं स्वतः उभं राहून खुंटीची जागा दाखवली आणि म्हणाला, पालखी वळसा घालून जाईल, देवाला काय घाई है.

अर्जदारांच्या बाबतीत माझं म्हणणं असं की, त्यांचा राग मला कळतो. बाभळीवर देवाचा झेंडा अडकलेला पाहून मला बी राग आला असता. पण झेंड्याला काय झालं? काटा लागून एक कोपरा फाटला असंल. त्यांनी तो देवळात आणून द्यावा, आम्ही ओवाळून घेऊ, आणि मंजुळाबाई मशीनवर घालून शिवून देईल. माझं लेकरू वरून पडलं असतं तर ते कोणत्या मशीनवर शिवलं असतं? एवढं त्यांना विचारावं. त्यांच्या घरी बी पोरं आहेत. उत्तर त्यांनी मला दिलं नाही तरी चालंल.

माझी अपूर्वविरुद्ध तक्रार नाही. मसाजीविरुद्ध नाही. मंजुळाबाईविरुद्ध तर मुळीच नाही, तिनं कोणाला तरी नाही म्हणायला हवं होतं एवढंच. केस करायची झाली तर माझ्यावर करावी, मुलावर करू नये. तो माझं ऐकून वागला, आणि मसाजीचं. मी तारखेला येईन, मेंढ्या कोणाच्या तरी हवाली करून येईन.

हा जबाब जमादार फुलसिंग राठोड यांनी मला मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवला. 'शिवहारचे दोन्ही पाय जमिनीला लागले' इथं ते आले तेव्हा मी म्हटलं, ते परत वाचा. त्यांनी वाचलं. मी म्हटलं, अजून एकदा. ते म्हणाले, "बाई, काही चुकलं का?" मी म्हटलं, न्हाई साहेब, बराबर है. पण वाचा. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. मी सांगितलं तसंच आहे, सगळं बराबर आहे, म्हणून खाली अंगठा देते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
चंद्रभागाबाई गंगाराम पोले